अलाव्याचा इस्तू

मोहरमला स्वतःचा ऋतू नाही. चंद्राच्या चालीनं चालणारा हा महिना दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि ज्या ऋतूत सापडेल त्याचा वास अंगाला लावून घेतो. मी शाळेत होते तेव्हा तो हुरड्यात यायचा. अलाव्याच्या निखाऱ्यात आम्ही चोरून कणसं भाजायचो. कॉलेजात गेले तेव्हा सरकत सरकत तो गणपतीच्या शेजारी येऊन बसला. गल्लीच्या एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला सवाऱ्या, आणि ताशेवाले दोन्हीकडं तेच. गेल्या साली तो कोळपणीत आला. यंदा पेरणीत आलाय.

परवा सकाळी धाराशिवच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर गावाकडून हमीदचाचांचा फोन आला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता, त्यामुळं ते ओरडूनच बोलत होते. चांद दिसला, कुदळ पडली, पाचव्याला तू हाईस ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं. बरोबर पाचव्या दिवशी विद्यापीठाच्या समितीसमोर माझं सादरीकरण आहे. माझ्या प्रबंधाचा विषय आहे, ग्रामीण समाजातलं धर्माचं स्थान.

मला हसू आलं. मग गेल्या सालचे ते दहा दिवस एकेक करून पुढं येऊन बसले.

आमचं गाव उमरग्याच्या हमरस्त्यापासून आत, कर्नाटकाच्या अंगाला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक मोबाइल घेऊन 'एकोपा' बघायला येतात, दोन म्हाताऱ्यांना गळाभेट घ्यायला लावतात, चित्रण करतात आणि निघून जातात. आमच्या गावात एकोपा वगैरे काही नाही. बांधावरून डोकी फुटतात, पाण्यावरून शिव्या होतात. एक आशूरखाना आहे, म्हणजे सवाऱ्यांची एका खणाची खोली. सवारी म्हणजे उंच काठीवर बसवलेला पितळी पंजा, त्याला रंगीबेरंगी कापडं गुंडाळलेली. खोलीपुढं एक गोल खड्डा, दरसाल बुजवून नव्यानं खणायचा. मोहरमचा चांद दिसला की त्या खड्ड्यावर पहिली कुदळ मारतात, पाचव्या दिवशी त्यात विस्तव पडतो आणि दहाव्यापर्यंत तो विझू देत नाहीत. हाच अलावा. माणसं त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात, आणि दहाव्या दिवशी दुपारी सवाऱ्या ओढ्यावर नेऊन थंड्या करतात, म्हणजे पाण्यानं धुऊन उतरवतात.

मी मात्र वाढले पत्रकांवर.

अप्पा, माझे वडील, शाळामास्तर. जन्मानं मारुतीच्या गुरवाच्या घरातले, पण तरुणपणीच त्यांनी पूजा धाकट्या भावावर, म्हणजे माझ्या काकांवर सोपवली आणि स्वतः अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढू लागले. गुलाबी, पिवळा, पोपटी असा स्वस्तातला कागद असायचा. घरात पत्रकांचे गठ्ठे इतके, की माझ्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच, शेंगदाण्याच्या पुड्या त्यांच्याच, आणि मुळाक्षरंसुद्धा मी पत्रकातल्या ठळक ठशांवरूनच गिरवली. 'बुवांच्या भूलथापांना बळी पडू नका' मधला 'ब' माझा पहिला 'ब'. पत्रकाचा साचा मला पाढ्यासारखा पाठ होता. वर एक धारदार प्रश्न, मग तीन मागण्या, मग 'ही प्रथा तात्काळ बंद झालीच पाहिजे', आणि खाली सह्या. अप्पा म्हणायचे, सह्या जितक्या जास्त तितकं पत्रक जड. सायकलला पिशव्या लटकवून ते उमरग्यापासून येरमाळ्यापर्यंतच्या जत्रा गाठायचे. लोक पत्रक घेऊन त्यावर भजी खायचे. अप्पांना राग नाही यायचा. भजी संपल्यावर तेलात भिजलेली अक्षरं अजून उठून दिसतात, असं म्हणायचे.

पुढं मी विद्यापीठात गेले आणि धर्मावरची जाड पुस्तकं वाचू लागले. तिथं मला अप्पांपेक्षा मोठे भांडखोर भेटले. एक पंडित सांगत होता, की माणसं एकत्र येऊन ज्याला देव म्हणून नमस्कार करतात तो खरं तर त्यांचा स्वतःचाच जमाव असतो. दुसरा म्हणत होता, धर्म ही सोसणाऱ्याची गुंगी आहे आणि सोसवणाऱ्याची सोय. तिसऱ्यानं मला जास्त अस्वस्थ केलं. त्याचं म्हणणं असं, की धर्म जुने आहेत पण त्यांच्या कडा नव्या आहेत. सरकारनं माणसं मोजायला रकाने आखले, प्रत्येकाला एकाच रकान्यात एकच खूण करायला लावली, आणि ज्यांचे पाय दोन-तीन रकान्यांत होते ते हळूहळू एका पायावर उभं राहायला शिकले. मग राजकारणाला फक्त मोजायचं काम उरलं. हे वाचताना मी समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'आमच्या गावात असं नाही'. आज ते वाक्य बघितलं की वाटतं, ही कुठल्या गावची पोरगी?

प्रबंधासाठी दोन वर्षांपूर्वी मी एक प्रश्नावली केली आणि पहिल्यांदा आपल्याच गावात फिरले. नववा प्रश्न माझा लाडका होता. 'सवारीवर आपली श्रद्धा आहे का?' उत्तर 'होय' किंवा 'नाही'. सगळा प्रबंध त्याच्यावर उभा राहणार होता.

त्या प्रश्नाला कुणी धड उत्तरच दिलं नाही. तेलीण म्हातारी म्हणाली, 'मशालीचं त्याल आमचं आस्तंय.' मी पुन्हा विचारलं, आजी, श्रद्धा आहे का? ती वैतागली. 'आगं त्याल आमचं म्हन्ते की. लिव्ह.' पाटलाच्या घरी सांगितलं, सरबताचा गूळ आमचा. कोळ्यांनी सांगितलं, थंडं करायचं पाणी आमचं. काका म्हणाले, 'पयला इस्तू आपला. लिही, मारुतीचा इस्तू.' विस्तवाला आमच्याकडं इस्तू म्हणतात. मारुतीच्या नंदादीपावर गोवरी पेटवायची आणि खापरात घालून आशूरखान्यापर्यंत न्यायची, हा आमच्या घराचा मान. मान म्हणजे मोठेपणा नव्हे, तो चुकवता न येणारा हक्क असतो. मी होय-नाहीचे रकाने कोरे ठेवून घरी आले आणि अप्पांना म्हणाले, लोकांना प्रश्नच कळत नाही. अप्पांनी चष्मा पुसला.

एकच माणूस माझ्यावर उखडला. कमलमावशी, अंगणवाडीत सेविका. त्यांच्या सासऱ्यांचा मान होता खड्डा खणायचा. मी मान हा शब्द उच्चारला तशी त्यांनी सूप खाली ठेवलं.

'मान कुठला, वेठ व्हती ती. दिसभर खणायचं आन् सरबताच्या टायमाला लांब हुबं ऱ्हायचं. आमी बौद्ध झालो आन् कुदळ पाटलाच्या दारात टाकून आलो. हे बी लिव्ह.'

ते मी लिहिलं, पण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याच साली मोहरमच्या दहाव्या दिवशी एक गोष्ट घडली. आमच्याच आळीतला एक शेतकरी सवारी धरतो, आणि ती अंगात आली की लोक त्याला प्रश्न विचारतात. नाव मराठ्याचं, अंगात सवारी आणि बोली दखनी. आमच्याकडं याचं कुणाला काही वाटत नाही. एका बाईनं आपली सहा वर्षांची लेक पुढं केली. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. सवारी म्हणाली, दवाखाना नको, नऊ दिवस अलाव्याची राख लावा. बाईनं नऊ दिवस राख लावली. शेवटी मी आणि अप्पांनी त्या पोरीला उचलून उमरग्याला नेलं. ती वाचली. दोन महिने अंथरुणावर होती.

मी पेटले होते. एका बैठकीत पत्रक लिहिलं. वर प्रश्न, 'सवारी बोलते की बोलवली जाते?' खाली तीन मागण्या. सवारीनं आजारावर उत्तरं देऊ नयेत. लहान पोरांना निखाऱ्यावरून नेऊ नये. आजाऱ्याला पहिल्या दिवशी दवाखान्यात न्यावं. या तीन मागण्यांतला एकही शब्द मी आज मागं घेत नाही. पण पत्रक पुरं करायला शेवटची ओळ लागते, आणि ती माझ्या हातानं साच्यातून आपोआप उतरवली. 'ही प्रथा तात्काळ बंद झालीच पाहिजे.'

मग सह्या. फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या बालाजीनं न वाचता सही केली. वर म्हणाला, छपाई माझ्याकडून फुकट. हैदराबादेत चार वर्षं शिकून परतलेला इरफान, हमीदचाचांच्या भावाचा मुलगा, त्यानं पत्रक दोनदा वाचलं, मान डोलावली आणि सुबक अक्षरात सही केली. दोघांनी आपापले दहा-पंधरा दोस्त आणले. मी हरखून गेले. दोन्हीकडचे तरुण अंधश्रद्धेविरुद्ध एका कागदावर! अप्पांच्या साऱ्या आयुष्यात एवढं जड पत्रक निघालं नव्हतं.

का सही करतोस, हे मी एकालाही विचारलं नाही.

ते मला कळलं वर्षानं, गेल्या साली, चांद दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रानात कोळपणी चालली होती, तरी पारावर गर्दी होती. कुदळ मारायची वेळ, आणि बालाजी उभा राहून माझं पत्रक वाचत होता. त्याचा आवाज चांगला आहे. माझी वाक्यं त्याच्या तोंडून अशी काही खणखणत होती की क्षणभर मलाच अभिमान वाटला. मग तो शेवटच्या ओळीवर आला आणि ती त्यानं दोनदा वाचली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की आपल्या मारुतीचा विस्तव त्यांच्या खड्ड्यात कशाला, आणि हे आम्ही म्हणत नाही, मास्तरांची शिकलेली पोर म्हणते. इरफान दुसऱ्या बाजूनं उठला. तो हळू आणि अदबीनं बोलतो. तो म्हणाला, पंजे, ढोल, आग यातलं काहीच दीनात, म्हणजे धर्मात, सांगितलेलं नाही, हे बाहेरून चिकटलेलं आहे, बंद झालं तर बरंच. दोघांचं एकमेकांशी बोलणंही नव्हतं. पण माझ्या कागदावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. एकाला गावातून दुसरा काढायचा होता, दुसऱ्याला आपल्या घरातून गाव काढायचं होतं, आणि दोघांच्या हातात झाडू माझा.

जमलेली माणसं तंबाखू मळत राहिली; बालाजीशी वाकडं कोण घेणार? बालाजीच्या दुकानात पुढच्या निवडणुकीचे फ्लेक्स छापले जात होते आणि कुणाचा चेहरा कुठल्या फ्लेक्सवर येईल याचा भरवसा नव्हता.

हमीदचाचा हातात कुदळ धरून कडेला उकिडवे बसले होते. मुलाणी घराण्यातले, आशूरखान्याची झाडलोट, सवाऱ्यांची राखण त्यांच्याकडं. दंडावर बांधलेला मोहरमचा जुना लाल-हिरवा नाडा. त्यांनी मला शोधलं.

'माय, हे तू लिव्हलंस?'

'व्हय चाचा.'

'मंग बरुबर आसंल,' ते म्हणाले. 'तू शिकलेली हाईस.'

त्यांनी टोमणा मारला नव्हता. तेच लागलं. टोमण्याला मला उत्तर देता आलं असतं. लहानपणापासून मी उत्तरं देतच वाढले. पण एक म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवून आपल्या हातातली कुदळ खाली ठेवत होता, आणि ती खाली ठेवायला लावणाऱ्या कागदावर पहिली सही माझी होती.

कमलमावशी अंगणवाडीकडं निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांनी सांगितलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. त्यांच्या सासऱ्यानं वेठ सोडली तेव्हा पहिल्या साली खड्डा खणायला कुणीच पुढं येईना. मग घराघरानं पाळी लागली. पाटलाच्या पोरानंही खणलं. आणि सरबताची वाटी सगळ्यांनी एका घमेल्याभोवती बसून प्यायली.

'वंगाळ व्हतं ते आमी काढलं,' मावशी म्हणाल्या. 'अलावा न्हाय काढला. राख झाली म्हून कुनी चूल फोडतंय का?'

बालाजी हसला. म्हणाला, मावशी, तुम्हाला काय करायचंय, तुमचा ना तो देव ना हा. मावशींनी पिशवी खांद्याला अडकवली. 'म्हूनच मला दिसतंय बाबा. तुमी दोगं बी लई जवळ हुबे हाव.'

पण कुदळ पडली नाही.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी घरात बसून पुस्तकं चाळत होते. जगभरच्या पंडितांना मी विचारत होते की आता काय करू, आणि ते एकापेक्षा एक चांगलं बोलत होते. धर्म माणसं जोडतो, धर्म माणसं तोडतो, धर्म सत्तेचा नोकर, धर्म सत्तेचा मालक. सगळं खरं. पण त्यातलं एकही वाक्य आशूरखान्यापुढच्या त्या न खणलेल्या जागेवर ठेवता येत नव्हतं. तिथं चाचा रोज सकाळी येऊन झाडायचे आणि खड्ड्याच्या जागेकडं पाठ करून बसायचे.

चौथ्या दिवशी अप्पा माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे आता अधू झालेत. पत्रक त्यांनी नाकाला टेकवून वाचलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

'ही वळ माझी हाय,' म्हणाले. 'पन्नास ठिकाणी म्या हीच वळ लिव्हली. बंद करा. काय बंद करायचं आन् काय ठिवायचं ह्येचा इचार कधी केला न्हाय. सही कुणाची हाय ते बघितलं, का केली ते इचारलं न्हाय. मला कुनी शिकवलं नव्हतं. म्या तुला शिकवाया पायजे व्हतं.'

अप्पा शाळेत शुद्ध बोलायचे. घरातलं बोलणं त्यांच्या तोंडी फार मनातलं असलं तरच यायचं.

त्या दुपारी मी दुसरं पत्रक लिहिलं. छापायला जागा नव्हती, गावात छापखाना म्हणजे बालाजीच. म्हणून हातानंच पंधरा प्रती काढल्या, गुलाबी कागदावर. वर लिहिलं, 'माझ्या पत्रकातली एक ओळ मी खोडते.' मग त्याच तीन मागण्या, जशाच्या तशा. मग लिहिलं, की सवारीनं पोरीच्या जिवाशी खेळ केला त्याविरुद्ध मी होते, आहे, राहीन. पण एका धर्माची कड कोरून काढायला आणि दुसऱ्याची घासून काढायला माझा कागद कुणी वापरू नये. खाली एकच सही. या वेळी दुसरी मागितली नाही. घरोघरी गेले आणि वाचून दाखवलं. कुणी ऐकलं, कुणी दार लोटलं. एक म्हातारा म्हणाला, मास्तराची पोर आज सोडती, उद्या धरती. मी म्हणाले, व्हय आजोबा, चुकलं ते सोडते. तेलीण म्हातारीनं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हंजी त्याल काढून ठिवू का?'

पाचव्या दिवशी सकाळी ज्या घराची पाळी होती त्या घरची बापलेकांची जोडी आली आणि खणू लागली. कुदळ पडल्याचा आवाज गल्लीत गेला. चाचांनी मान वळवून बघितलं.

आता अडलं इस्तवावर. काका घाबरले होते. बालाजीच्या बरोबरची पोरं देवळाच्या पायरीवर बसून होती, आणि काकांचा मुलगा त्याच्याच दुकानात कामाला. काका मला म्हणाले, बाई गं, यंदा काडीपेटीनं पेटवा की, इस्तवाला काय नाव लिहिलेलं असतंय? शास्त्र म्हणून बघितलं तर काका बरोबर होते. ज्वलन सगळीकडं सारखंच. पण त्या साली काडी ओढली असती तर ती कायमची ओढली गेली असती, हे मला दिसत होतं.

दिवेलागणीला मी मारुतीच्या देवळात गेले. आमच्या घराण्याच्या देवळात मी कधी हात जोडले नव्हते, तेव्हाही जोडले नाहीत. नंदादीपावर गोवरी धरली. ती लवकर पेटेना; पावसाळी हवा, गोवरी दमट. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं. अखेर तिच्या कडेला लाल रेघ उमटली आणि मी ती खापरात ठेवली. उंबऱ्यात अप्पा उभे होते. तरुणपणापासून त्यांनी त्या गाभाऱ्यात पाय ठेवला नव्हता, त्या दिवशीही नाही ठेवला. आपल्या खांद्यावरचा पंचा त्यांनी माझ्यापुढं केला. खापर तापतं म्हणून.

पायरीवर बालाजी उठून आडवा आला.

'तुझा तर कशावरच इश्वास न्हाय,' तो म्हणाला. 'मंग हे कशाला?'

'न्हायच,' मी म्हणाले. 'इश्वासाचं कोण बोलतंय? इस्तू आमचा हाय.'

तो माझ्याशी देवाबद्दल भांडायला तयार होऊन आला होता, आणि मी हक्काबद्दल बोलत होते. आमच्या गावात माणूस देवाबद्दल गप्प बसेल, मानाबद्दल बसत नाही. पायरीवरच्या दोन पोरांनी पाय आवरले, बालाजीच्या बाजूनं वाट झाली. मी उतरले.

आशूरखान्याच्या अलीकडं इरफान उभा होता. त्यानं वाट अडवली नाही, फक्त थोरल्या बहिणीशी बोलावं तशा दुःखी आवाजात म्हणाला, 'बाजी, ये अपने दीन में नई है.'

'दीनात नसंल इरफान,' मी म्हणाले. 'गावात हाय.'

तो बाजूला झाला. पटलं म्हणून नव्हे. अजून त्याला पटलेलं नाही. आम्ही अधूनमधून तासतास वाद घालतो, तो मला कुराणातल्या आयती सुनावतो, मी त्याला माझी पुस्तकं. पण तो वादात आहे, आणि वादात असलेला माणूस गावात असतो.

खापर जड नव्हतं. तरी पंच्यातून आच तळहातापर्यंत येत होती आणि शंभर पावलांची ती गल्ली संपेना. चाचा खड्ड्याच्या कडेला उभे होते. मला बघून त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला. गोवरी मी आत टाकली. तेलिणीचं तेल पडलं, लाकडांनी पेट घेतला, आणि कुणीतरी आधी हळू, मग मोठ्यानं गाणं धरलं. फेर मोठा नव्हता. दरसालच्या निम्मीच माणसं होती. त्यांत कमलमावशी नव्हत्या. त्या अलाव्याला कधीच येत नाहीत, आणि त्यांना कुणी ये म्हणत नाही. तोही गावचाच एक मान आहे. वेठीतून कमावलेला.

दहाव्या दिवशी दुपारी सवारी उठली. एक बाई पोराला घेऊन पुढं आली, प्रश्न विचारायला. सवारी धरलेला माणूस घुमू लागला तोच चाचांनी त्याच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'यंदापास्नं सवारी बोलनार न्हाय, आन् न्हानी पोरं निखाऱ्यावरनं जानार न्हाईत. ज्येला इचारायचं आसंल त्येनं उमरग्याच्या डाक्टरला इचारावं. त्येला बी बोलायचे पैशे मिळत्यात.' लोक हसले. पंजे ओढ्याकडं निघाले. माझ्या तिन्ही मागण्या एका दमात मान्य झाल्या होत्या, आणि त्या माझ्या पत्रकानं नव्हे, ज्याच्याविरुद्ध ते पत्रक होतं त्या माणसानं मान्य केल्या होत्या. माझं पत्रक त्याला नुसतंच बंद करायला निघालं होतं. बदलशील का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ओढ्यावरून परतताना चाचा माझ्याशेजारी चालत होते. म्हणाले, एक ध्येनात ठिव माय, मान एकदा घेतला की दरसाल घ्यावा लागतो, मधी सोडला तर दोष लागतो. मी म्हणाले, चाचा, मी दोष मानत नाही. ते म्हणाले, 'नको मानू. ये मात्र.'

काल मी माझ्या मार्गदर्शक सरांकडं गेले आणि सादरीकरणाची तारीख बदलून मागितली. कारण खोटं सांगता आलं असतं, ताप आला म्हणून. सांगितलं खरं. सर माणूस चांगले आहेत. ते म्हणाले, धर्माचा अभ्यास करणाऱ्यानं धर्मापासून अंतर ठेवावं, नाहीतर समिती तुम्हाला श्रद्धाळू समजेल. आणि ही तारीख गेली तर पुढची सहा महिन्यांनी. मी म्हणाले, समजू द्या, आणि जाऊ द्या. पुस्तकातला तो रकाने आखणारा सरकारी बाबू मला सरांच्या टेबलाच्या मागं उभा दिसत होता. श्रद्धाळू, नास्तिक, अभ्यासक. एकाच ठिकाणी एकच खूण करा.

नाही करणार. सवारीत बळ आहे असं मी मानत नाही. मारुती माझं ऐकतो असंही मानत नाही. पण माझ्या गावातून कुणाला काढायचं आणि कुणाला धुऊन घ्यायचं हे ठरवायला निघालेल्या प्रत्येकाच्या आडवी मी खापर घेऊन उभी राहणार आहे. आणि खापर हातात असतानाही सांगणार आहे, की पोरीला कावीळ झाली तर पहिल्या दिवशी दवाखान्यात न्या.

आत्ता बॅग भरताना जुन्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा हाताला लागला. एक प्रत कोरी होती. नाव लिहिलं, गाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. नवव्या प्रश्नाशी आले. सवारीवर आपली श्रद्धा आहे का? होय आणि नाही या दोन्ही चौकटी मी मोकळ्या ठेवल्या, आणि खालच्या जागेत तेलीण म्हातारीनं सांगितल्यासारखं लिहिलं.

इस्तू आमचा.